बोलायची वाटी

कुठलीही गोष्ट घरच्या माणसांवर करून पाहिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, असं मानणारा माणूस साऱ्या नागपुरात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. तो म्हणजे आमचे भावजी. बँकेत कारकून, स्वभावाने सरळ, पानाचंसुद्धा व्यसन नाही, आवाज चढवणं माहीत नाही. स्थळ पाहून आल्यावर आमच्या वडिलांनी हे सारे गुण बोटांवर मोजून दाखवले होते. त्यांच्या मोजण्यातून एकच गोष्ट सुटली. हा माणूस जन्मभर कुठल्या ना कुठल्या परीक्षेला बसलेला असणार, आणि तो बसला की अख्ख्या घराला त्याच्यासोबत बसावं लागणार, हे काही त्यांना दिसलं नाही. दिसलं असतं तरी त्यांनी ते गुणांमध्येच धरलं असतं म्हणा.

ताईचं लग्न होऊन थोडे दिवस झाले आणि लढाई सुरू झाली. रात्री खिडक्यांना काळे कागद लावायचे ते दिवस. भावजींनी लगेच प्रथमोपचाराच्या वर्गात नाव घातलं. मी सहज म्हणून ताईकडे गेले, तर ती उजवा हात झोळीत अडकवून डाव्या हाताने पोळी लाटत होती. मी म्हटलं, "ताई, काय झालं वं हाताले?" ती म्हणाली, "काही नाही. हात चांगला आहे. यांचा धडा आज कोपरापर्यंत आला." दुसऱ्या दिवशी गेले तर गुडघा बांधलेला. पुढे टायपिंगची परीक्षा आली, तेव्हा भावजी जेवताना ताटाच्या काठावर बोटं चालवायचे आणि ओळ संपली की ताट उजवीकडे सरकवायचे. वाढणारीने आपला हात त्या बेताने ठेवायचा. मग ऑफिसर व्हायची परीक्षा. त्यात कर्जवाटपाचा पेपर होता. त्या वर्षी ताईने प्रेशर कुकर मागितला, तर भावजींनी तिला समोर बसवून अर्जदार केलं. "कशासाठी पाहिजे? तारण काय देशील?" ताई म्हणाली, "मीच आली ना तुमच्या घरी, आता आणखी काय तारण देऊ?" भावजी गंभीरपणे म्हणाले, "ते तं पहिलेच आमच्या ताब्यात आहे. त्याच्यावर पुन्हा कर्ज नाही भेटत." कुकर आला नाही. परीक्षाही हातची गेली. ती त्यांनी पुन्हा दिली, पुन्हा गेली. दर निकालानंतर ते दोन दिवस गप्प राहायचे आणि तिसऱ्या दिवशी नवीन पुस्तकाला खाकी कव्हर घालायला बसायचे. ताई त्यांना खळ करून द्यायची.

हे सगळं मी इतक्या खात्रीने सांगते, कारण मी त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. पुढच्या खोलीत शिवणक्लास, आतल्या खोलीत मी. लग्न केलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांचे संसार पाहायला मला वेळ असतो. घर लकडगंजात. पलीकडच्या आरागिरणीवर दिवसभर लाकूड कापलं जातं, त्यामुळे या गल्लीतली सगळीच माणसं जरा मोठ्याने बोलतात. पुढे जे घडलं त्यात या मोठ्या बोलण्याचाही थोडा हात आहे, म्हणून सांगून ठेवते.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. भावजींच्या बँकेत संगणक येणार अशी कुणकुण लागली. भावजी त्या वेळी युनियनमध्ये होते. घोषणा रचायचं काम त्यांच्याकडे असायचं, कारण त्यांना यमक जमे आणि यमक नसलं तरी चाल जमे. "मशीन नको, माणूस पाहिजे!" ही त्यांची सर्वांत गाजलेली घोषणा. बँकेच्या फाटकावर ती त्यांनी इतक्या वेळा दिली की आमच्या भाचीला, बेबीला, ती पाढ्यांसारखी पाठ झाली. पण पुढे वर करार झाला, युनियनने बाजूला होऊन वाट दिली, आणि नोटीस लागली. नागपूरच्या मोठ्या कचेरीतला संगणक इतर शाखांशी आणि मुंबईशी टेलिफोनच्या तारांनी जोडायचा. या जाळ्याचं काम शिकून परीक्षा पास होतील त्यांना नव्या थंडगार खोलीत जागा मिळेल, तसं प्रमाणपत्रही मिळेल. एका वयापुढच्यांना बसता येणार नव्हतं. भावजी त्या वयाच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे ही शेवटची. आयुष्यात एक तरी परीक्षा पास होण्याची ही शेवटची संधी, हे त्यांनाही कळत होतं आणि ताईलाही. घोषणांचं काय झालं असं मी विचारलं, तर म्हणाले, "अवं, माणूसच पाहिजे. पण मशीनपाशी बसाले पाहिजे."

त्यांना अभ्यासाला एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, सायक्लोस्टाइल केलेलं, जांभळ्या अक्षरांचं. घरात संगणक नव्हता. गल्लीत कोणाकडे साधा टेलिफोन नव्हता. मग जाळं विणायचं कशाचं? घरातल्या माणसांचं. पहिल्याच रविवारी भावजींनी आम्हाला अंगणात उभं करून सांगितलं की आजपासून घरातला प्रत्येक माणूस म्हणजे एक स्टेशन. त्यांचा स्वतःचा नंबर पहिला, ताईचा दुसरा, बेबीचा तिसरा, माझा चौथा. बोलायचं असेल तर आधी कोणाकडून, मग कोणाला, मग काय, आणि ज्याला सांगितलं त्याने ऐकल्याबरोबर "पोचलं" म्हणायचं. पोच आल्याशिवाय निरोप पुरा होत नाही. "एककडून दोनला. चहा टाक. पोचलं का?" "पोचलं," असं ताईने स्वयंपाकघरातून म्हणायचं. तिने काही नाही म्हटलं तर भावजी निरोप पुन्हा पाठवत. तरीही नाही, तर तिसऱ्यांदा. पुस्तकात तीनच प्रयत्न होते. तिसऱ्याही वेळी पोच आली नाही की स्टेशन बंद समजायचं आणि त्याला सोडून पुढे जायचं. पुढे जायचं म्हणजे त्या दिवशी मग त्या माणसाशी कोणी बोलायचं नाही. बेबी हा नियम कॉलेजचा निकाल लागला त्या दिवशी मुद्दाम वापरून गेली, आणि भावजींना तिला नियमाप्रमाणे रागावताही आलं नाही.

दोघे एकदम बोलले तर पुस्तकातल्या भाषेत ती टक्कर. टक्कर झाली की दोघांनी थांबायचं, मनात वाटेल तितका वेळ मोजायचा आणि मग पुन्हा बोलायचं. मी आणि ताई बहिणी. एकमेकींच्या वाक्यात घुसूनच आम्ही वाढलो. आम्ही दोघी बोलायला बसलो की भावजी पुस्तक टाकून बाहेर येत आणि हात वर करून "टक्कर! टक्कर!" असं ओरडत, जणू चौकात रिक्षाच आदळल्या. त्यावर उपाय पुढच्या धड्यात सापडला. एक खूण फिरवायची, ज्याच्या हातात खूण त्यानेच बोलायचं, बोलून झालं की पुढच्याला द्यायची. खूण म्हणून भावजींनी स्टीलची एक वाटी निवडली. रात्रीच्या जेवणाला ती रिकामी वाटी ताटाताटांतून फिरू लागली. एकदा भांडेवालीने ती घासून इतर वाट्यांमध्ये मिसळून टाकली, तर ओळखू येईना आणि आम्ही सगळे मुकाट जेवलो. एकदा ताईने तिच्यातच दही लावलं. भावजींनी दही लागेपर्यंत घर बंद ठेवलं.

या वाटीने बेबीचं एक स्थळ मोडलं. मुलाकडची मंडळी अमरावतीहून पाहायला आली होती. जेवणात ताईचा वडाभात. भावजींनी मोठ्या आदराने ती रिकामी वाटी मुलाच्या वडिलांच्या पानापाशी ठेवली आणि हात जोडले, म्हणजे आता तुम्ही बोला. मुलाच्या वडिलांना वाटलं, भातावर घ्यायच्या फोडणीच्या तेलाची वाटी आहे. त्यांनी ती ताईपुढे धरली. ताईने भावजींकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं आणि काठोकाठ भरली. आता वाटी तेलाने भरलेली, ती पुढे देता येईना, आणि वाटी पुढे गेल्याशिवाय भावजी तोंड उघडीनात. पाहुणे विचारतात मुलीचं शिक्षण किती, भावजी वाटीकडे पाहतात. बेबी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून मागच्या दाराने माझ्याकडे पळाली. मंडळी परत गेली ती गेलीच. भावजींनी अमरावतीला पत्र टाकलं, "पोच द्यावी." मग दुसरं टाकलं. मग तिसरं. मग म्हणाले, "ते स्टेशन बंद आहे," आणि अभ्यासाला बसले. बेबीला ते लग्न करायचंच नव्हतं, म्हणून या गोष्टीवर मी आजही हसू शकते. पुढच्या गोष्टीवर हसता येत नाही.

ताईचे दोन्ही कान लहानपणापासून वाहायचे. कापूस घालायचा, दिवसाभराने बंद व्हायचे. आमच्या घरात कानासाठी कोणी डॉक्टरकडे जात नसे. त्या उन्हाळ्यात ते वाहायला लागले ते थांबेनात. पण उन्हाळ्यात आमच्या घरात कोणालाच नीट ऐकू येत नाही. खिडकीत कूलर घरघरत असतो, पलीकडे आरागिरणी. ताईची पोच येत नसे तेव्हा भावजी खुशीत असत. "याले म्हणते लाइनवरचा गोंगाट. पाहा, पुस्तकातल्यासारखाच आहे." मग ते कूलर बंद करून निरोप पाठवत, पोच येई, आणि ते टिपण करत. पुढे पावसाळा गेला. कूलर काढून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. गिरणीची वेळ संपल्यावरही ताईची पोच येईना. आता गोंगाट नव्हता, तार तुटलेली नव्हती, म्हणजे पुस्तकाप्रमाणे दोष स्टेशनचा. भावजींनी त्याचा अर्थ असा लावला की ताई मुद्दाम करते. "लाइन चांगली आहे," ते मला म्हणाले, "तिचीच मर्जी नाही. तिले माह्या परीक्षेचा कंटाळा आला."

ताईला दुपारी रेडिओ लागायचा. भाज्या निवडताना ती गाण्याबरोबर गुणगुणायची. तो रेडिओ ती रोज थोडा थोडा मोठा करत होती. अभ्यासात व्यत्यय येतो म्हणून भावजींनी परीक्षा होईपर्यंत तो कपाटात ठेवून दिला. रेडिओ बाहेर असता तर कोणाच्याही लक्षात आलं असतं की आवाज किती मोठा लागतो. तो कपाटात गेला, आणि ताईचं गुणगुणणंही गेलं. लक्षात माझ्या आलं ते क्लासमध्ये. कैची जमिनीवर पडली, माझ्या मुली दचकल्या, ताई पाठमोरी बसून बटणं लावत होती, ती हललीसुद्धा नाही.

मी बोलत बसणारी बाई नाही. क्लासला सुटी दिली, रिक्षा बोलावली आणि तिला धंतोलीत कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" ताई त्यांच्याकडे पाहून हसली. तिला वाटलं ते नाव विचारत असतील. डॉक्टरांनी मला सांगितलं की दोन्ही कानांचे पडदे गेले आहेत, ऑपरेशन करून बसवता येतील, पण वाट पाहू नका. कान असेच वाहत राहिले तर आतली नस खराब होते, आणि नस गेली की कोणाच्याच हातात काही उरत नाही. ऑपरेशननंतर काही आठवडे वाकायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही.

मी त्याच संध्याकाळी भावजींच्या समोर जाऊन उभी राहिले. ते खाटेवर पुस्तक घेऊन बसले होते. मी नंबर वगैरे काही सांगितले नाहीत. म्हटलं, "भावजी, ताईले ऐकू येत नाही. ऑपरेशन करावं लागते."

"तिले ऐकू येते वं," ते म्हणाले. "काल मी हळूच म्हटलं चहा टाक, तं टाकला ना तिनं."

"पाच वाजता तुम्ही दुसरं काय म्हणता? घड्याळ पाहून टाकला तिनं."

ते पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, "मी कुठं नाही म्हणून राहिलो? करू ना. परीक्षा होऊन जाऊ दे. मंग मी स्वतः घेऊन जातो."

"डॉक्टर म्हणतात थांबू नका."

"महिन्याभराची तं गोष्ट आहे. आता मधातच तिले दवाखान्यात टाकलं तर मी वाचू कवा? अन् नापास झालो तर? पुन्हा बसू देणार नाही मले. तुले माहीत आहे ना?"

"स्वयंपाक मी करते. तुम्ही वाचा. मले फक्त हो म्हणा."

हो म्हणायच्या आधी ते ताईकडे पाहू लागले. ती दारात येऊन उभी होती, आमचे हलणारे ओठ पाहत. मी तिच्या जवळ जाऊन, तोंडासमोर तोंड नेऊन सगळं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "होऊन जाऊ दे त्यांची परीक्षा. शेवटचीच आहे. आजवर काय कमी ऐकलं मी? महिनाभर नाही ऐकलं तर बिघडत नाही." आणि भावजी एकदम मोकळे झाले. "पाह्य, तीच म्हणते." मला त्या क्षणी दोघांचाही सारखाच राग आला होता, आणि तो राग मी अजून जपून ठेवला आहे. काही राग विरघळू द्यायचे नसतात. ते कामाचे असतात.

तो महिना महिनाभराचा राहिला नाही. मशीन मुंबईहून निघालं होतं ते कुठेतरी अडकलं, म्हणून परीक्षा पुढे गेली. मग टेलिफोनच्या तारेची परवानगी अडकली, म्हणून पुन्हा पुढे गेली. मग बँकेत संप झाला. दर वेळी भावजी पहिल्या पानापासून पुस्तक सुरू करत. दर वेळी मी म्हणत असे, आता तरी. दर वेळी ते म्हणत, आता तर अगदी जवळ आली. ते खोटं बोलत नव्हते. जवळच असायची ती, फक्त यायची नाही. भांडण करावं तर या माणसाशी भांडणही धड होत नाही. तुम्ही चिडून काही म्हटलं की तो "पोचलं" म्हणतो आणि डोळे मिटून पाठांतर करू लागतो. मी एकदा चिडून त्यांच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. त्यांनी ते परत मागितलं नाही. नुसते रिकाम्या हातांकडे पाहत बसले, शाळेतून नाव काढलेल्या पोरासारखे. मीच आणून दिलं. त्यांची दया येऊन नाही. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की देणं भाग पडलं.

घरात नियम चालूच होते. रात्री वाटी फिरत होती. ताईकडे वाटी आली की ती क्षणभर हातात धरायची, काय चाललं आहे याचा अंदाज घ्यायची आणि काही न बोलता पुढे द्यायची. भावजी याला चांगली शिस्त म्हणत. कधी त्यांना तिच्याशीच काही बोलायचं असे. ते निरोप पाठवत, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तिसऱ्यानंतर मान हलवत आणि माझ्याकडे वळत. स्टेशन बंद. ताई समोर बसून भात कालवत असायची. तिला आपण बंद आहोत हेही कळलेलं नसायचं.

शेवटी एकदाची परीक्षा झाली. उन्हाळा पुन्हा लागला होता, पण कूलर अजून माळ्यावरून उतरवायचा होता. भावजी इस्त्रीची पँट घालून सकाळी गेले आणि दुपार उलटल्यावर आले, ते चेहऱ्यावर असा उजेड घेऊन की मी तो त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. अंगणात बेबी होती, मी होते, पलीकडे नळापाशी ताई आमच्याकडे पाठ करून सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली होती. त्या दिवशी गिरणी बंद होती. भावजी उभ्या उभ्याच बोलायला लागले. अख्खा पेपर त्यांनी आम्हाला म्हणून दाखवला. आणि मग म्हणाले, "शेवटचा प्रश्न तर माह्यासाठीच काढला होता वं. एखाद्या स्टेशनकडून वारंवार पोच येत नसेल तर कारणं काय असू शकतात? मी सगळी लिहिली. पत्ता चुकला. लाइन तुटली. लाइनवर गोंगाट आहे. पाठवणाराच घाई करून राहिला. पलीकडचं ऐकायचं यंत्र बिघडलं. अन् खाली पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं टाकलं. स्टेशन मुद्दाम चूप आहे असं कधीच समजू नये, आधी त्याच्यापाशी जाऊन पाहावं." त्यांनी हात झटकले. "पोचलं का?"

बेबी म्हणाली, "पोचलं, बाबा." भावजी नेहमीच्या सवयीने ताईच्या पाठीकडे पाहत राहिले, पोचेची वाट बघत. "दोन," ते म्हणाले. "पोचलं का?" ताईने सांबाराची एक जुडी संपवली आणि दुसरी घेतली. भावजींनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. आपण आत्ता काय बोललो ते त्यांना तेव्हा ऐकू आलं असावं.

ते अंगण ओलांडून गेले आणि नळापाशी, ओल्या फरशीवर, इस्त्रीच्या पँटसह ताईच्या समोर जाऊन बसले. ताईने मान वर केली. तिचा चेहरा उजळला. "आले का तुम्ही? कवा आले?"

ते अर्धा तास तिच्या पाठीमागे ओरडून बोलत होते.

"आत्ताच," भावजी म्हणाले. "आत्ताच आलो."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिला धंतोलीत घेऊन गेले. मी गेले नाही. परत आल्यावर त्यांनी सांगण्याची गरजच नव्हती. एका कानाची नस गेली होती, दुसऱ्याचं थोडं उरलं होतं. ते उरलेलं टिकवायला ऑपरेशन झालं, आणि मग कानात घालायचं मशीन आणलं. ते शिट्टी मारतं, खरखरतं, आरागिरणीचा आवाज तेवढा स्पष्ट ऐकवतं. "मशीन नको," ताई म्हणते आणि काढून डबीत ठेवते. घोषणेचा पुढचा अर्धा भाग ती म्हणत नाही. भावजींना तो ऐकू येत असावा.

परीक्षेत भावजी पास झाले. नुसते पास नाही, चांगले पास झाले. प्रमाणपत्र आलं, त्याला चौकट करायला त्यांनी नकार दिला. नव्या खोलीत त्यांना जागा मिळाली. काचेची खोली, बाहेर चपला काढायच्या, मे महिन्यात आत स्वेटर घालून बसायचं. मी एकदा बँकेत गेले होते, तर बाहेर लोकांची रांग, आणि आत भावजी स्वेटर घालून त्या पेटीसमोर शांत बसलेले. मी काचेवर टिचकी मारून खुणेने विचारलं, काय झालं? त्यांनी खुणेनेच सांगितलं, लाइन बंद. ती बहुतेक दिवस बंदच असते, असं मला कॅशियर म्हणाला. इतक्या वर्षांनी एका माणसाने जी एक परीक्षा पास केली, तिच्यातून हे निघालं.

नंबर गेले, टक्कर गेली. रेडिओ कपाटातून बाहेर आला आहे, त्यावर विणलेला रुमाल पसरलेला असतो. एक वाटी तेवढी राहिली. आता ती फिरत नाही, ताईच्या पानाजवळच असते. काही सांगायचं असलं की भावजी हात लांब करून ती हळूच तिच्या ताटाला टेकवतात. ताटाला धक्का लागतो, ताई वर पाहते, मग ते बोलतात. सावकाश, ओठ नीट हलवून, आवाज न चढवता. ताई लगेच मान डोलावते आणि म्हणते, "हाव, पोचलं." ती आता सगळ्यालाच पोचलं म्हणते, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. पोचलेलं नसतं. तिच्या डोळ्यांवरून ते मला कळतं, आणि हल्ली भावजींनाही कळतं.

मग ते वाटी पुन्हा ताटाला टेकवतात आणि पुन्हा सांगतात. वांगं चांगलं झालं, एवढंच असतं कधी. बेबीचं पत्र आलं, एवढंच. तिसऱ्यांदा सांगतात. पुस्तकात इथे थांबायला सांगितलं होतं, त्या स्टेशनला सोडून पुढे जायला. भावजींचा भात गार होतो. ते पुढे जात नाहीत.